पायाशी आणि उशाशी

आणि तरीही मी म्हणतो, आई, तुझं म्हणणं मला पटलेलं नाही. गेल्या रविवारी पटलं नव्हतं, त्याच्या आधीच्या रविवारी पटलं नव्हतं, आणि आज तुझ्यासमोर फुलांचे गुच्छ ठेवलेत म्हणून पटेल असंही नाही. फोनवर मी विषय काढला की तू "बरं, जेवलास का?" म्हणतेस आणि ठेवून देतेस. इथे तुला ठेवून देता येणार नाही. तुला मधल्या खुर्चीवर बसवलंय, दोन्ही बाजूंना मोठी माणसं आहेत, उठून जायचं तर त्यांचे पाय ओलांडावे लागतील. म्हणून मी हे भाषण करायला हो म्हणालो.

आता रीतीप्रमाणे बोलतो.

आजच्या या निरोप समारंभाच्या अध्यक्षा, मोठ्या हॉस्पिटलच्या प्रसूती विभागाच्या मुख्य डॉक्टर मॅडम. आमच्या छोट्या हॉस्पिटलचे अधीक्षक साहेब. व्यासपीठावर विराजमान झालेले इतर मान्यवर, ज्यांची पदं मला नीट कळवली होती पण माझ्याकडून तो कागद भिजला. समोर बसलेल्या सगळ्या सिस्टर, वॉर्डातल्या मावश्या, वॉर्डबॉय. आणि मागे भिंतीला टेकून उभे असलेले तुम्ही सगळे, ज्यांच्यातल्या निम्म्यांना माझ्या आईने पायाला धरून उलटं केलेलं आहे. सर्वांना माझा नमस्कार.

मी स्वतः हजर नाही याबद्दल दिलगीर आहे. इथे परगावी, मी कामाला आहे त्या शीतगृहात, या महिन्यात कुणालाच रजा नाही. माझे हे कागद आपल्या रुग्णवाहिकेचे ड्रायव्हर वाचून दाखवत आहेत. ते माझे लहानपणापासूनचे मित्र. आवाज खणखणीत आहे, फक्त ते गाडी चालवतात तसेच वाचतात, स्वल्पविरामाला ब्रेक लावत नाहीत. सांभाळून घ्यावं. ड्रायव्हरभाऊ, हेही वाचा, गाळू नका.

मला विषय दिला गेला तो असा: 'सुईण ते परिचारिका-प्रसाविका, एका व्यवसायाची वाटचाल'. हॉस्पिटलच्या ऑफिसातून फोन आला होता, कुटुंबातर्फे कुणीतरी या विषयावर चार शब्द बोलावेत. मी म्हटलं, साहेब, मी आठवीत शाळा सोडलेला माणूस, मी कसली वाटचाल सांगू? तर ते म्हणाले, "अहो, ती तुमच्याच घरातून झाली." म्हणून घरातलंच सांगतो.

माझी आजी, म्हणजे आईची आई, सुईण होती. वडील लवकर गेल्यामुळे आम्ही आजीच्याच घरी वाढलो. आजीच्या काळी दर दोन गल्ल्यांमागे एक पिठाची गिरणी असायची आणि एक सुईण. गिरणीवाल्याला पाटी होती, सुइणीला नव्हती, पण तिचं घर विचारावं लागत नसे. तिला कुणी शिकवलं? तिच्या सासूने. सासूला कुणी शिकवलं? तिच्या सासूने. याच्या पुढे विचारलं की आजी म्हणायची, "मग काय, आभाळातून पडल्या सगळ्या. भाजी निवड."

आजी बाळंतिणीच्या खोलीत शिरली की पहिली खिडकी उघडायची आणि दुसरं म्हणजे जमलेल्या बायका बाहेर काढायची. "तुमच्या वेळी काय झालं ते तिला नंतर सांगा, आता तिचं तिला करू द्या." मग खोलीत दोनच बायका ठेवायची. एक पायाशी, एक उशाशी. पायाशी ती स्वतः. उशाशी बाईची आई, बहीण, नाहीतर शेजारीण, जी सापडेल ती. उशाशी बसणारीचं काम काय? घाम पुसायचा, पाणी पाजायचं, हात हातात द्यायचा आणि शिव्या खायच्या. आजी आधीच बजावायची, "ती तुला काय काय बोलेल. मनावर घ्यायचं नाही, आणि लक्षातही ठेवायचं नाही." मान सगळा पायाशी बसणारीला आणि शिव्या सगळ्या उशाशी बसणारीला, असा हिशेब होता. पण आजीचं म्हणणं असं, की पायाशी कुणी नसलं तरी मूल एखादवेळ येतं, उशाशी कुणी नसलं तर बाईच निघून जाते. निघून जाते म्हणजे मरते असं नाही. डोळे उघडे असतात आणि आत कुणी नसतं.

आता, निरोपाच्या भाषणात सगळं गोडच सांगायचं असतं हे मला माहीत आहे. पण व्यवसायाची वाटचाल सांगा म्हणालात, आणि रस्ता काही गोड नव्हता.

त्या काळी काही बाळं छान जन्मायची, रडायची, दूध ओढायची आणि आठवडा उलटायच्या सुमारास तोंड उघडेनाशी व्हायची. जबडा मिटून जायचा. मग अंग कमानीसारखं ताठ. बायका म्हणायच्या, वारं लागलं. वारं कसलं लागतंय? नाळ कापायच्या पात्याला जी घाण असते ती लागायची. हे तेव्हा आमच्या गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं. माझ्या मोठ्या मावशीचं पहिलं मूल असंच गेलं. पायाशी आजी होती. म्हणजे आपलीच मुलगी आणि आपलंच नातवंड. माझी आई तेव्हा शाळेत जायची. कापसाच्या बोळ्याने त्या बाळाच्या ओठांवर दूध सोडायचं काम तिच्याकडे दिलं होतं. दूध ओठांवरून कानाकडे वाहत जायचं. याच्यापुढे आई कधी काही सांगत नाही.

शाळा संपल्यावर ती म्हणाली, मी नर्स होणार. तेव्हा नर्सिंगला कोण जायचं? ज्यांना नवऱ्याने टाकलंय, ज्यांना कुणी नाही, अशा बाया. बरी परिस्थिती असलेल्या घरातली मुलगी रात्रपाळी करते म्हटल्यावर लोकांच्या भुवया वर जायच्या. तिचे एक काका म्हणाले होते, "लोकांची घाण काढायला चाललीस?" आई म्हणाली, "स्वच्छ असतं ते कशाला काढायचं, काका?" काकांनी तिच्याशी पुढची कैक वर्षं अबोला धरला. त्यांच्या शेवटच्या आजारपणात त्यांची अंथरुणं कुणी बदलली हे मी सांगत नाही, ते आपण ओळखलंच असेल.

पूर्वी आजाऱ्यांना बघणारी नर्स वेगळी आणि बाळंतपण करणारी वेगळी. आईच्या वेळेला दोन्ही विद्या एकाच बाईला द्यायची पद्धत आली होती. आधी नर्सिंग, मग वर्षभर प्रसूतीचं. ते वर्षभर कुणीतरी मागे उभं राहून तुमच्या हातांकडे बघत असतं, आणि चुकलात की बोटांवर फटका. आई पास झाली. तिला बिल्ला मिळाला, नोंदणी क्रमांक मिळाला, सायकल मिळाली. सायकलच्या मागे पिशवी, पिशवीत स्टोव्ह, साबण, कात्री, दोरा, बाळ टांगून वजन करायचा काटा. ती गल्लीत आली की कुत्री भुंकायची, कारण त्यांनी तोवर सायकलवर बाई पाहिली नव्हती. असं आजी सांगायची. कुत्र्यांचं खरं की गल्लीतल्या माणसांचं, ते मी विचारलं नाही.

आणि मग वरून हुकूम आला. सगळ्या सुइणींना गोळा करा, शिकवा, परीक्षा घ्या. पास होईल तिला पत्र्याची पेटी द्या, तिने नवीन पद्धतीने काम करावं आणि सिस्टरला कळवत राहावं. नापास होईल तिने यापुढे कुठल्याही बाईला हात लावायचा नाही.

हॉस्पिटलच्या मागच्या व्हरांड्यात वर्ग भरायचा. आता तिथे सायकली लावतात तोच व्हरांडा. शिकवणार आई, आणि खाली सतरंजीवर बसलेल्या सुइणींमध्ये माझी आजी. वर्गात आजी स्वतःच्या मुलीला "सिस्टरबाई" म्हणायची, घरी आली की "ए, पाणी भर." कापडाची बाहुली केली होती, तिला सुतळीची नाळ. स्टोव्हवर पाणी उकळायचं, पातं त्यात बुडवून ठेवायचं, हात कोपरापर्यंत साबणाने धुवायचे, दोरा दोन ठिकाणी बांधायचा, मधे कापायचं. परीक्षेच्या दिवशी आजीने हे सगळं केलं. पाणी खळखळ उकळेपर्यंत थांबली, पातं घातलं, पुन्हा थांबली. एक गोष्ट सोडली नाही. माझ्या आईने तिला नापास केलं.

"कशात चुकले?" आजीने विचारलं.

"चुकली नाहीस."

"मग?"

"पुढच्या बाई, या," आई म्हणाली.

ही गोष्ट मी घरात आजीकडून ऐकली नाही. ज्या 'पुढच्या बाई' होत्या त्यांच्याकडून ऐकली, त्या पास झाल्या आणि आयुष्यभर लाजत राहिल्या. आजी त्या दिवशी घरी आली आणि तिने स्वयंपाक केला. आईला वाढलं. भांडण झालं नाही. पण मरेपर्यंत तिने नखं वाढू दिली नाहीत. कुणाला हात लावायचा नव्हता तरी दर दोन दिवसांनी उंबऱ्यात बसून नखं कापायची, बोटांच्या कडा चाचपून बघायची.

मी मोठा झाल्यावर आईला कितीदा विचारलं, "आजीला नापास का केलंस?" ती म्हणायची, "तुला का केलं होतं आठवीत?" विषय संपला.

आता जे सांगणार आहे ते वाचणाऱ्याला विचारून लिहितोय. मी म्हटलं होतं, तुला नको असेल तर हा भाग सोडतो. तो म्हणाला, "लिही. नाहीतर लोकांना वाटेल हॉस्पिटल आपोआप उगवलं."

आमच्या मागच्या गल्लीत एक इस्त्रीवाला राहायचा. त्याची बायको अडली ती भर दुपारची वेळ होती. आई सायकल घेऊन पलीकडच्या वस्तीत गेली होती. पेटी मिळालेली जवळची सुईण लेकीकडे गावाला. इस्त्रीवाला आमच्या दारात आला. आजी म्हणाली, "मला मनाई आहे. सिस्टरला शोधा." तो म्हणाला, "आज्जी, तुम्ही नुसत्या या." ती म्हणाली, "सिस्टरला शोधा." तो पळाला. गल्लीतली पोरं चार दिशांना पळाली. आजी पायरीवर बसून राहिली, मांडीत हात घेऊन. मागच्या गल्लीतून आवाज येत होता तो तिला ऐकू येत होता, आणि तिच्या कामातली बाई त्या आवाजावरून ओळखते आता कुठवर आलं. शेजारणी म्हणतात, ती दोनदा उठली आणि दोनदा बसली. तिसऱ्यांदा उठली आणि गेली. तोवर मूल आलं होतं आणि रक्त थांबत नव्हतं. रक्त थांबावं म्हणून तिने पोट चोळून गर्भाशयाचा गोळा आवळून धरायचा प्रयत्न केला. आई पोचली तेव्हा आजीचे हात तिथेच होते आणि ती बाई गेलेली होती. आईने सायकल आडवी टाकली, आत येऊन पाहिलं, मग बाहेर जाऊन सायकल उभी केली. बरोबर कुलूपही लावलं, असं सांगतात. माणूस त्या वेळी काय करेल त्याचा नेम नाही.

मूल जगलं. ते मूल आता आपल्यासमोर माइकवर उभं आहे आणि हे वाचतंय.

ड्रायव्हरभाऊ, पाणी प्या. घाई नाही.

जुनी सुईण थांबवली, आणि नवी सिस्टर एकटी, सायकलवर, चार वस्त्यांत वाटलेली. एकीला थांब म्हणून सांगितलं त्या वेळी दुसरी पोचलेली नव्हती. मधल्या मोकळ्या जागेत ती बाई गेली. मला विचाराल तर या व्यवसायाची वाटचाल मी एवढीच शिकलोय. शिकलेल्या लोकांनी यात भर घालावी.

त्यानंतर माझी आई दर सोमवारी इथल्या ऑफिसात येऊन बसू लागली. तिची मागणी एकच होती: या हॉस्पिटलात बाळंतपणाची खोली करा, आणि तिथे प्रत्येक पाळीला एक प्रसाविका ठेवा. साहेब म्हणायचे, जागा नाही. ती म्हणायची, मोडक्या खाटा ठेवल्यात त्या खोलीत काय आहे? साहेब म्हणायचे, मोडक्या खाटा आहेत. असं पुष्कळ सोमवार चाललं. शेवटी साहेबांची बदली झाली आणि नवे साहेब आले त्यांना हे भांडण नवीन होतं, त्यांनी किल्ली देऊन टाकली. आईने आणि दोन मावश्यांनी ती खोली धुतली. पहिल्या दिवशी जे पाणी बाहेर आलं ते चहाच्या रंगाचं होतं, असं त्यांच्यातल्या एक मावशी अजून सांगतात. त्या आज पुढच्या रांगेत असतील, मान हलवत असतील.

त्या खोलीत माझी आजीही होती. हे रेकॉर्डवर नाही. आई तिला रोज सकाळी सायकलच्या मागे बसवून आणायची. पायाशी सिस्टर, उशाशी आजी. जिच्या घरचं कुणी आलं नसेल, जी घाबरली असेल, तिच्या डोक्याशी आजी स्टूल घेऊन बसायची. तिला हात लावायला मनाई होती ती फक्त पायाकडच्या बाजूने, असं आईने ठरवून टाकलं. एकदा वरून तपासणी आली. तपासणीसाने विचारलं, "या आजीबाई कोण?"

"नातेवाईक," आई म्हणाली.

"कुणाच्या?"

"सगळ्यांच्या."

त्यांनी चहा घेतला आणि गेले. आजी मरायच्या आदल्या महिन्यापर्यंत त्या स्टुलावर बसत होती. तिने तिथे ज्या शिव्या ऐकल्या त्यांतल्या निवडक मला शिकवल्या होत्या, त्या इथे कामावर उपयोगी पडतात.

पुढचं आपल्याला माहीतच आहे. खोलीचा वॉर्ड झाला. मग डॉक्टर आले, ते चांगले होते, मी त्यांना नावं ठेवणार नाही. बाळाचे ठोके ऐकायचं मशीन आलं. हळूहळू पायाशी डॉक्टर आणि आई बाजूला ट्रे धरून. तिने याबद्दल कधी तक्रार केली नाही, निदान माझ्याकडे नाही. मग लोकांना मुलं कमी होऊ लागली आणि ज्यांना होत होती ते मोठ्या हॉस्पिटलला जाऊ लागले. आणि आता या महिनाअखेरीला हा वॉर्ड बंद होतोय. आईच्या जागी कुणी येणार नाही. जागाच राहणार नाही. म्हणजे आज आपण एका बाईला निरोप देतोय असं पत्रिकेत छापलंय, ते अर्धंच आहे.

आता आमच्या भांडणावर येतो.

माझी बायको आईजवळ राहते. तिला दोन महिने बाकी आहेत. तिला आई नाही, माहेरी कुणी बाई नाही. पहिलीच वेळ आहे आणि ती घाबरते. वॉर्ड तोवर बंद झालेला असेल. मोठं हॉस्पिटल दोन तासांवर, मधे रेल्वेचं फाटक. ड्रायव्हरभाऊंनी गेल्या वर्षात फाटकापाशी थांबून दोन बाळं जन्मताना बघितलीत, त्यांना विचारा. मी आईला म्हटलं, तू आहेस ना. अख्खी गल्ली तुझ्या हातातून आली, घरच्या घरी कर. ती म्हणाली, "निवृत्त झाल्यावर नोंदणी संपते. मी हात लावणार नाही." मी म्हटलं, कोण बघायला येणार आहे? ती म्हणाली, "जेवलास का?" मी चिडलो. मी म्हटलं, इस्त्रीवालीच्या वेळी आजी पायरीवर बसून राहिली तशी तूही बसणार आहेस का? तिने फोन ठेवला.

इथपर्यंत मी मागच्या आठवड्यात लिहिलं होतं. याच्यापुढे बरंच काही लिहिलं होतं, कडू होतं, ते फाडून टाकलं. कारण काल बायकोचा फोन आला.

ती म्हणाली, मी सरळ विचारलं सासूबाईंना. आई भांडी पुसत होती. बायको म्हणाली, "आई, खरंच नोंदणीसाठी का हो?" आई म्हणाली, "त्याला तेवढंच समजतं, म्हणून ते सांगितलं." मग पुसलेलं ताट मांडणीवर ठेवून म्हणाली, "माझी आई दुसऱ्यांच्या घरी गेली की पातं चुलीवर धरायची. कुणी शिकवलं नव्हतं, हाताला सवय होती. माझ्या ताईच्या वेळी ताई ओरडायला लागली आणि आई पातं धरायला विसरली. परक्याचं ओरडणं ऐकून हात शांत राहतो. आपलं माणूस ओरडलं की घाई करतो."

बायको म्हणाली, "पण परीक्षेत तर त्यांनी सगळं नीट केलं होतं ना?"

"बाहुली होती ती. बाहुली ओरडते का?"

"पण मग परक्या बायका तरी..."

"परकं कोण होतं तिला त्या गल्लीत?" आई म्हणाली. "सगळ्या तिच्याच पोरी." मग म्हणाली, "तिला नापास केलं ते बरोबर होतं की चूक, मला अजून कळलेलं नाही. इस्त्रीवालीच्या दिवसापासून तर मुळीच नाही. पण तुझ्या पायाशी मी बसणार नाही. उशाशी बसेन. हव्या तेवढ्या शिव्या दे."

बायको म्हणाली, मग आम्ही दोघी रडलो आणि भांडी तशीच राहिली.

आई, मला हे माहीत नव्हतं. माहीत असतं तर पायरीचं बोललो नसतो. तरी सगळं पटलं असं म्हणणार नाही, कारण दुसऱ्या कुणाच्या हातापेक्षा तुझा घाईतला हातसुद्धा मला बरा वाटतो. पण मूल मला व्हायचं नाहीये. जिला व्हायचंय तिला पटलंय. मग मी कोण?

तेव्हा भांडण मी इथे सोडतो आणि अध्यक्षा मॅडमना एक विनंती करतो. मॅडम, तुमच्या प्रसूतिगृहाच्या दारावर पाटी आहे की नातेवाइकांनी आत येऊ नये. ड्रायव्हरभाऊंनी मला फोटो पाठवलाय. पाटी लावण्यामागे कारण असणार, गर्दी असेल, जंतू असतील, मी त्यात पडत नाही. मी पायाशी जागा मागत नाही. पगार, नोंदणी, पद, काही नको. डोक्याच्या बाजूला एक स्टूल आणि त्यावर बसायला माझ्या आईला परवानगी. हात कसे धुवायचे ते तिला माहीत आहे. कुठे उभं राहायचं नाही तेही माहीत आहे. आणि जमलंच तर हे फक्त माझ्या बायकोपुरतं करू नका. आमच्या बाजूच्या बायका आता दोन तासांचा रस्ता कापून तुमच्याकडे येणार, तुमच्याकडे त्यांच्या ओळखीचं एकही तोंड नसणार. एका स्टुलाने तुमची खोली लहान होणार नाही.

उत्तर आज देऊ नये. समारंभात टाळ्यांच्या आवाजात दिलेला होकार दुसऱ्या दिवशी पाळीवरच्या सिस्टरना ठाऊक नसतो, हे आईनेच मला सांगितलंय. ज्यांच्या हातात दाराची कडी असेल त्यांना माहीत असलेला होकार द्यावा. आणि नाही म्हणालात तर राग नाही. मग ती दाराबाहेरच्या बाकावर बसेल. तिथवर आवाज येतो म्हणे. आमच्या घराला तसं बसायचा सराव आहे, पण पुन्हा ती पाळी येऊ नये असं मला फार वाटतं.

मला सांगायचं होतं ते झालं. ज्यांनी हा समारंभ घडवून आणला त्या सगळ्या सिस्टर आणि मावश्या, ज्यांनी पंखे आणि खुर्च्या लावल्या ते वॉर्डबॉय, ज्यांनी मला वेळ दिला ते अधीक्षक साहेब, ज्यांनी माझी आगाऊ विनंती बसून ऐकली त्या मॅडम, आणि जे वाचताना स्वतःच्या आईपाशी थांबून पुढे गेले ते ड्रायव्हरभाऊ, सर्वांचा मी आभारी आहे. शाळा अर्धवट सोडलेल्याच्या भाषणात कुठे तोल गेला असेल, मोठ्यांचा मान राखायचा राहिला असेल, तर मला लेकरू समजून ते पोटात घाला. आई, तू पण.

मोठ्या हॉस्पिटलच्या मागच्या रस्त्याला, शिंप्याच्या दुकानावर, ड्रायव्हरभाऊंनी एक खोली बघून ठेवली आहे. स्वयंपाकाचा ओटा आहे, जिना फार उभा नाही, खिडकीतून हॉस्पिटलचं मागचं दार दिसतं. शेवटचा दीड महिना तुम्ही दोघी तिथे राहा. फाटक बंद असो की उघडं, तुमचं अडणार नाही. मी येऊ शकणार नाही, हे बायकोला मी सांगितलंय, तू पुन्हा सांगू नकोस. भाडं आणि अनामत मिळून, आणि वर एक चांगलं उंच स्टूल घ्यायला, एकतीस हजार पाठवतोय.